चौकाला हात

माझ्या आईबापाचं लग्न व्हायचं होतं म्हणून माझं लग्न अडलं होतं. हे मी बाहेर एकाच माणसाला सांगितलं, दिंडोशीच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून बॉलपेनच्या रिफिली मोजणाऱ्या प्रेमाला. प्रेमा कणकवलीकडची, मनाने चांगली. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हणजे गं कमळ, तू..." पुढचं तिने गिळलं. मी पुरं करून टाकलं. "होय, तशीच. आमच्या भोकरपाड्यात निम्मी पोरं तशीच आहेत. आणि तुझ्या चाळीतल्या मंगळसूत्रवाल्यांपेक्षा आमच्या बाया काही वाईट नांदत नाहीत." त्यानंतर चार दिवस मी तिच्या डब्यातलं काही खाल्लं नाही. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, त्याला मी तरी काय करू?

आम्ही वारली. दिंडोशीच्या वर, जिथे रस्ता संपून पायवाट लागते, तिथे आमचा पाडा. सिनेमावाल्यांनी एकदा येऊन आमच्या बायांना डोक्यात पिसं खोवून नाचवलं होतं. असली पिसं आमच्यात कुणी कधी घातली नाहीत, पण बायांना त्या दिवशी वडापाव मिळाला म्हणून त्या नाचल्या. असो. सांगायचं ते हे, की आमच्यात दोघांचं पटलं की मुलगी मुलाकडे राहायला जाते आणि संसार सुरू होतो. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, दारू आणि दोन दिवस गाणं. कुणाला ते दुसऱ्या वर्षी जमतं, कुणाला विसाव्या. मात्र एक नियम कडक आहे. आईबापाचं लागल्याशिवाय लेकराचं लागत नाही. कधी कधी एकाच मांडवात सकाळी बाप नवरा होतो आणि दुपारी मुलगा. यात हसण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटत नाही.

दुसरा नियम चौकाचा. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्याच्या आत पालघाट देवी. देवी बसली नाही तर लग्न लागत नाही. या चौकाला हात लावायचा तो फक्त सवाशिणीने, म्हणजे जिचं लग्न लागलंय आणि नवरा जिवंत आहे तिने. माझी आई शेवंती बावीस वर्षं पाड्यातल्या प्रत्येक लग्नात तांदूळ वाटत आली. पाटा तिचा, हात तिचे. वाटी भरली की ती सवाशिणींच्या हातात द्यायची आणि मागे सरून बसायची. तिच्या बरोबरीच्या सगळ्या एकेक करून भिंतीकडे गेल्या, ती पाट्याजवळच राहिली. लहान असताना मी तिला विचारलं होतं, "आये, तू का नाय काढत?"

"माझं पीठ बारीक होतं," ती म्हणाली होती. तेव्हा मला ते खरंच उत्तर वाटलं.

आता माझा बाप, चंदर. तो खालच्या तबेल्यात गवत कापायचा. पूर्वी प्यायचा. तसे आमच्यात सगळेच पितात, आईसुद्धा सणाला घ्यायची, पण बा प्यायला की त्याचा हात सुटायचा. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका होळीला त्याने आईच्या कपाळात पितळी तांब्या मारला. त्या दिवसापासून आईने दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. कुणी फारच आग्रह केला तर ती नुसती पदर मागे करून कपाळावरची खूण दाखवायची, आणि माणूस द्रोण घेऊन पुढे सरकायचा.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या डोंगरावर राजाराम आला. मालवणी माणूस, गिरणीच्या संपात नोकरी गेली आणि मालाडच्या एका मठात सेवेला लागला. दर गुरुवारी टाळ घेऊन वर चढायचा. धाप लागायची, पण अभंग सोडायचा नाही. त्याने बाच्या गळ्यात माळ घातली. दारू नाही, मांस नाही, कोंबडं कापायचं नाही, भगताकडे जायचं नाही. मी म्हटलं, आठ दिवस टिकेल. मी हरले. बाने दोन वर्षं बाटलीकडे पाहिलं नाही. पाहायला लागू नये म्हणून तो मालाडहून जवळच्या वाटेने येतच नसे, कारण त्या वाटेवर गुत्ता होता. तो दिंडोशीवरून फेरा घालून यायचा, तासाभराचा, डोक्यावर तांदळाची गोणी असली तरी.

आमचे देव मात्र घराबाहेर गेले. कणसरीची दाण्यांची टोपली आणि हिरव्या देवाची मोरपिसांची जुडी, दोन्ही बाने उचलून लाकडं ठेवायच्या खोपटात नेऊन ठेवली. आईने टोपलीवर स्वच्छ फडकं टाकलं आणि रोज संध्याकाळी लाकडं आणायला म्हणून खोपटात जायला लागली. आमच्या चुलीला एवढी लाकडं लागत नव्हती. त्या माळेचा राग करावा की तिच्या पाया पडावं, हे मला कधीच कळलं नाही.

अशात माझं अनंताशी जमलं. तो डोंगरापलीकडचा, मुलुंडच्या बाजूच्या पाड्यातला. त्याची आई बोलणी करायला आली, गुळाचा चहा प्याली आणि सरळ म्हणाली, "इहीणबाय, पोरगी पसंत हाय. आता तुमी कवा लगीन करता ते सांगा."

आईच्या आधी बाच बोलला. "आमचं मठात लावणार. फाल्गुनात तिथं जोडप्यांची लगनं लावतात."

आई चहा ओतत होती, ती ओतत राहिली. तिने मान वर केली नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

पुढच्या गुरुवारी राजारामने आमच्या अंगणात सत्यनारायण घातला. केळीचे खांब, चौरंग, प्रसादाचा शिरा. मठातली चार माणसंही आली होती. राजाराम म्हणाला, "चंदर, वैनी, जोडप्यान बसा." बा धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा. आई दारातच उभी राहिली.

"राजारामभाऊ, मी नाय बसायची," ती म्हणाली. "आमचं लगीन नाय झालं."

बाने मठात हे सांगितलंच नव्हतं. पाड्यात सांगायची गरज नव्हती आणि मठात सांगायची लाज वाटली.

"रे चंदर, ह्यां काय ऐकतंय मी?" राजाराम म्हणाला. मग राजारामनेच सावरलं, माणूस वाईट नव्हता. "बरा, झाला ता झाला. फाल्गुनात लावून टाकू. दोन हार, मंगलाष्टका, अर्ध्या तासात मोकळी."

"तुमच्या माळेला मी वाईट बोलायची नाय," आई म्हणाली. "तिनं माझं कपाळ राखलं. पण अर्ध्या तासाच्या लगनानं मला भिंतीजवळ कोण जाऊ देईल? पालघाट बसली नाय, लगीन लावणारी धवलेरी गायली नाय, त्या लगनाची सवाशीण पाड्यात कोण धरील? कमळच्या चौकाला मला हात लावायचाय. बावीस वर्षं मी पीठ वाटते."

आई एका दमात एवढं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. बा उठला. त्याचा हात वर जाईल म्हणून मी मध्ये घुसायच्या बेतात होते. हात वर गेला, पण गळ्यातल्या माळेवर, आणि तिथेच मुठीत घट्ट झाला. "चार लोकांत अब्रू घालवलीस," एवढंच बोलून तो डोंगराकडे चालता झाला. शिरा तसाच राहिला. शेवटी पोरांनी खाल्ला.

मला कुठे चैन पडेना. रिफिली मोजताना आकडा चुकायला लागला, मुकादम ओरडायला लागला. एका सुट्टीच्या दिवशी मी कृष्णाबाईकडे गेले. कृष्णाबाई आमची धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, बाई लावते, गाण्याने. आसपासच्या पाच पाड्यांत ती एकटीच उरली होती. दारात वाल सोलत बसली होती.

"आजी, दारू नसली तर लगीन लागेल का?" मी विचारलं.

"देव उठायचा नाय. थेंब पडला तर तो उठतो."

"थेंब पाडू. पण बाने प्यायलाच हवी का?"

"नवरा-नवरीचा द्रोण एक. तो रिकामा झाला पायजे. द्रोणात उरली तर लगीन उरलं. हे मी नाय केलं, माझ्या आधीच्यांनी केलं."

"आणि मग बा पहिल्यासारखा झाला तर?"

तिने वालाचं टरफल माझ्या पायाशी फेकलं. "मी लगनं लावते, पोरी. दारुडे सांभाळीत नाय."

तिथून मी तशीच तबेल्यात गेले. बा गवताचे भारे बांधत होता. मी त्याच्यावर तोंड सोडलं. आईने काय मागितलंय तुझ्याकडे? सोनं मागितलं? लुगडं मागितलं? एक घोट प्यायचा आहे, एक. तेवढाही तुझ्याने होत नाही?

बाने दोरीची गाठ मारली आणि भाऱ्यावर बसला. "कमळ, मला एक घोट ठाऊकच नाय," तो म्हणाला. "तुला वाटतं माळेत जोर हाय. माझ्यात नाय, म्हणून माळ हाय. ती एकदा उतरवली की मठवाले वरीसभर परत घालीत नाय. त्या वरसात तुझ्या आयचं कपाळ कोण राखील? तू?"

"मग भितोस असं म्हण ना."

"भितो," बा म्हणाला.

भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की तोंडात मारल्यासारखं होतं. मी घरी आले आणि माझी तीन लुगडी गाठोड्यात बांधली. आईला म्हटलं, नको ते लग्न. तुझंही नको आणि माझंही नको. मी अशीच अनंताकडे राहायला जाते, सगळ्या जातातच.

आई भाकरी थापत होती. "जा," ती म्हणाली. "मीबी अशीच आले होते. हातात गाठोडं होतं. म्हटलं, पुढल्या वरसाला करू लगीन." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पुढल्या वरसाला तू झालीस."

मी गाठोडं सोडलं. बा बाहेर दगडावर विळा परजत होता. परजण्याचा आवाज मघापासून थांबला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी बा मालाडला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात काही नव्हतं. दोन वर्षं माळ होती तिथे कातडी जरा उजळ दिसत होती. तो घरात न येता आधी कृष्णाबाईकडे गेला. "लगीन लाव," म्हणाला. मग खोपटात जाऊन कणसरीची टोपली उचलली आणि आणून जुन्या जागी ठेवली. आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. त्या दिवसापासून मी घरातले सगळे तांबे वरच्या फळीवर ठेवायला लागले.

लग्नाच्या दिवशी सकाळी सवाशिणींनी चौक काढला. पीठ मी वाटलं, नवरी कशी वाटणार? आई हळद लावून बसली होती, बेचाळीस वर्षांची नवरी, आणि लाजायचं सोडून टक लावून भिंतीकडे बघत होती. कोण कुठून रेघ सुरू करतं, काडी कशी धरतं. कृष्णाबाईने गाणं धरलं. तिचा आवाज फाटका आहे, पण ती गायला लागली की आवाजाकडे लक्ष राहत नाही. आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पालघाट बसली. कोंबडा कापला. राजाराम आला होता, पण मांडवात शिरला नाही. जांभळीखाली छत्री टेकून उभा राहिला.

मग द्रोण आला. कृष्णाबाईने देवाच्या नावाने थेंब पाडले आणि द्रोण आईच्या हातात दिला. वास माझ्यापर्यंत आला, म्हणजे बाच्या नाकाशी काय झालं असेल. आईने एक घोट घेतला. दहा वर्षांनी. तिचं तोंड कडवट झालं. तिने द्रोण बाकडे दिला.

बाने द्रोण घेतला तेव्हा दारू हिंदकळून त्याच्या अंगठ्यावरून ओघळली. तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला. अख्खा पाडा त्या द्रोणाकडे बघत होता. त्याने द्रोण ओठांपर्यंत नेला. नको, मी मनात म्हणत होते, नको, आणि त्याच वेळी पी एकदाचा असंही म्हणत होते. मला स्वतःचाच राग आला.

"थांब," आई म्हणाली.

तिने त्याचं मनगट धरलं, द्रोण त्याच्या हातातून काढून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा स्वतःच्या घशात ओतला. मोठा द्रोण होता. तिला ठसका लागला, नाकातून आली, पण तिने तोंड काढलं नाही. मग तिने द्रोण उपडा करून कृष्णाबाईपुढे धरला.

गाणं थांबलं. अनंताची आई पुटपुटली, "ह्ये कसलं लगीन?" दोघीतिघींनी माना हलवल्या. कृष्णाबाईने वाकून द्रोणात पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.

"रिकामा हाय," ती म्हणाली, आणि जिथे सोडलं होतं तिथून गाणं उचललं.

दुपारी आई खोपटामागे जाऊन ओकली. मी तिची पाठ चोळत होते. "विख हाय गं नुसतं," ती धापा टाकत म्हणाली. "याच्यासाठी तो आमाला मारायचा?" मग ती हसायला लागली आणि मधेच रडायला लागली. मला दोन्ही एकदम आलं.

बा जांभळीखाली राजारामपाशी गेला होता. राजारामने सगळं पाहिलं होतं. बाने परत केलेली माळ राजारामच्याच सदऱ्याच्या खिशात होती, खिसा फुगलेला दिसत होता. "तू पियाक नाय, ता माका दिसला," तो म्हणाला. "पण तू माळ उतरवलंस आणि कोंबो कापलंस. वरीसभर थांबाक होया. नियम माझो नाय रे." तो खाली उतरून गेला आणि दिसेनासा होईपर्यंत बा त्याच वाटेकडे बघत उभा राहिला.

आठ दिवसांनी माझं लग्न. आईने पहाटेच पाटा मांडला. बायका म्हणाल्या, अगं, आता तू सवाशीण, पीठ दुसरी कुणी वाटेल. तिने ऐकलं नाही. पीठ वाटलं, वाटी भरली, आणि नेहमीच्या सवयीने ती शेजारणीपुढे धरली. शेजारणीने वाटी घेतलीच नाही. मग आई उठून भिंतीकडे गेली.

तिला येत नव्हतं! बावीस वर्षं पीठ बारीक वाटलं, पण हाताला रेघ ठाऊक नव्हती. पहिलीच रेघ अशी वाकडी गेली की पोरी फिदीफिदी हसल्या. मी हळदीत बसलेली, नाहीतर एकेकीला दाखवलं असतं. "पुसू नको," कृष्णाबाई म्हणाली. "पुढं काढ."

बाला सकाळीच मालाडला पाठवलं होतं, नारळ आणि कुंकू आणायला. ऊन डोक्यावर आलं तरी त्याचा पत्ता नव्हता. अनंताची माणसं येऊन बसली. आता इहीण झालेली अनंताची आई एकदा विचारून गेली, पुन्हा विचारून गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मालाडहून येणारी जवळची वाट आमच्या दारातून दिसते. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. गळ्यात माळ नाही, विचारणारा राजाराम नाही, वाटेवर गुत्ता उघडा आणि घरात लग्न. प्यायला याहून चांगलं कारण काय हवं? मी वर फळीकडे पाहिलं. लग्नाच्या धांदलीत तांबे कुणीतरी खाली काढले होते. आई भिंतीकडे तोंड करून काढतच होती, पण बराच वेळ तिची काडी एकाच ठिकाणी फिरत होती.

"आला, आला," कुणीतरी ओरडलं. वाटेवर कुणीच नव्हतं. बा घराच्या मागून आला होता, दिंडोशीच्या अंगाने, खांद्यावर पिशवी, सदरा पाठीला चिकटलेला.

"किती उशीर?" अनंताची आई म्हणाली.

बाने वाकून पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी लाज सोडून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. नुसत्या घामाचा वास.

आईने मागे न बघता विचारलं, "कुठून आलास?"

"फेऱ्यानं," बा म्हणाला.

आईने काडी पिठात बुडवली आणि देवीचे हात काढायला घेतले.